चिरेखाणीतला गोल्फचा वर्ग: पैसे वसूल, सावली शून्य

सहा धडे, प्रत्येक धडा तासाभराचा, बारा हजार रुपये, तेही आगाऊ. बॉलचे पैसे त्यातच धरलेले. मिळतं काय, तर ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचा, स्लाइस काढून देतात; स्लाइस म्हणजे बॉल हवेत उजवीकडे वळत जाणं. पटिंग नाही, चिपिंग नाही, बंकरचं नावही काढायचं नाही. पहिल्या फोनवरच सर सांगतात, "साहेब, मी एकच आजार बघतो. बाकी काही असेल तर दुसऱ्याकडे जावा." हौशी गोल्फरांत हा आजार इतका पसरलेला आहे की तेवढ्यावर माणसाचं पोट भरावं.

जागेचं नाव इथे लिहीत नाही, कारण सरांची तशी अट आहे. रस्ता बागायतदाराचा खाजगी, गाड्या जेमतेम चार लागतात, आणि मागे कुणीतरी समाजमाध्यमांवर टाकल्यावर रविवारी नुसती बघ्यांची जत्रा भरली होती म्हणे. फोंड्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. गोव्यात गोल्फ खेळणारा कुणीही विचारलंत तर सांगेल.

काजूच्या बागायतीतून कच्च्या रस्त्याने आत गेलं की चिरे काढून संपलेली एक खाण लागते. तिन्ही बाजूंना चिऱ्यांच्या पायऱ्या पडलेल्या तांबड्या भिंती, खाली सपाट तळ, चौथी बाजू मोकळी. त्या बाजूला सहा मॅट टाकल्यात. समोरच्या भिंतीपर्यंत शंभर-सव्वाशे मीटर, आणि भिंतीच्या वर ट्रॉलरची जुनी जाळी बांबूंवर ताणून बांधलेली. जाळीला अजून मासळीचा वास येतो. भिंतीवर आपटलेला बॉल निम्म्या वाटेने परत येतो, त्यामुळे वेचायला फार चालावं लागत नाही.

मला ही जागा आवडली त्यामागे आणखी एक कारण आहे. गोव्यात गोल्फ म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती फुकट पडत नाही. तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाला गावातल्या कुळांनी केलेला विरोध कुणी विसरलेलं नाही. जमीन कुणाची, पाणी कुणाचं, हे प्रश्न आमच्या खेळाला चिकटलेलेच आहेत. इथे हिरवळ नाही, पाण्याचा पाइप नाही, कुणाचं शेत गेलेलं नाही. चिरे विकून झाल्यावर जो खड्डा उरला त्यात माणसं बॉल मारतात. खेळायला प्रत्यक्ष मैदान हवं असेल तर काणकोणला राजबागेत समुद्राकाठी नऊ होलचं आहे, तिथे जावं. सरावाला मात्र खड्डा चालतो.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे आकडे कुणाचे ते कळेल. मी तारवटी. जहाजावर चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो, आता वास्कोला घरी असतो. गोल्फ शिकलो जपानात, जहाज ड्रायडॉकला असताना. तिथे शहराच्या मध्यावर मजल्यावर मजले असलेल्या, भोवती उंच जाळी लावलेल्या सरावाच्या रेंज असतात. संध्याकाळी काम संपलं की मी भाड्याचा क्लब घेऊन तिसऱ्या मजल्यावर उभा. शिकवणारं कोणी नव्हतं, आणि त्याआधीचा सगळा हात टेनिस बॉल क्रिकेटवर बसलेला. वर्षानुवर्षं ऑफ साइडला कट मारलेल्या मनगटाला गोल्फमध्ये स्लाइस आयताच मिळतो. सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा लोखंडी क्लब, बरं जायचं. ड्रायव्हर काढला की बॉल डावीकडून निघायचा आणि मग उजवीकडच्या झाडीत.

उपाय फुकट मिळायचे आणि भरपूर मिळायचे. चौघांत खेळताना तिघे डॉक्टर असतात. एक मित्र दर टीवर, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, तेच सांगायचा, "पात्रांव, तकली सकयल दवर." डोकं खाली ठेवून मारला तरी बॉल झाडीतच, फक्त तो कुठे गेला ते दिसायचं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, डावीकडे नेम धर, वळून मध्ये येईल. हा सल्ला सगळ्यांत महागात पडतो, कारण तो पहिले दोन-तीन बॉल खरोखर चालतो. एका हॉटेलातल्या प्रशिक्षकाकडेही गेलो होतो. त्यांनी पहिल्याच तासाला माझा पूर्ण स्विंग बदलायला घेतला: आतून बाहेर मार, कोपर पोटाला लाव, कंबर आधी फिरव. पुढच्या आठवड्यात बॉल डावीकडून निघायचा थांबला आणि थेट उजवीकडे जायला लागला. महिन्याभरात मी पुन्हा जुन्या जागी.

इथले सर बेळगावकडचे, कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या क्लबची पिशवी वाहत, सुरुवात केलेले. पहिल्या धड्याला त्यांनी मला निवांत बॉल मारू दिले आणि स्विंगबद्दल चकार शब्द काढला नाही. मॅटच्या मागे रडारवर चालणारी एक छोटी डबी ठेवली होती, ती फोनवर आकडे दाखवत होती. मग म्हणाले, "काका, हातमोजा काढा बघू."

मी मोजा दिला. त्यांनी तो उलटा करून उन्हात धरला. डाव्या तळव्याच्या खालच्या गादीवर, करंगळीच्या बाजूला, चामडं घासून आरपार झालं होतं. बोटांच्या मुळाशी मात्र नव्यासारखं पांढरं. "क्लब तुमच्या बोटांत नाहीच, तळव्यात हाय. वरच्या टोकाला सरकतोय, म्हणून हितं झिजलं." आयुष्यभर मी बेअरिंगचे शेल उघडून, झीज कुठल्या बाजूला आहे ते बघून शाफ्ट कुठे वाकडा आहे ते सांगत आलो. माझ्याच मोज्यावर तेच लिहिलेलं होतं, आणि ते वाचणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. माझा विश्वास तिथेच बसला, हे कबूल करतो.

मग फोन दाखवला. माझा क्लब बॉलपाशी येताना निशाण्याच्या 6 अंश डावीकडे चाललेला, म्हणजे बाहेरून आत. त्याला हे लोक पाथ म्हणतात. आणि क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, निशाण्याच्या 1 अंश डावीकडे. मी म्हटलं, फेस डावीकडे आहे, मग बॉल उजवीकडे का वळतो? त्यावर सरांनी मॅटवर दोन काड्या ठेवल्या, एक पाथची, एक फेसची. निशाण्याच्या हिशेबाने फेस बंद, पण पाथच्या हिशेबाने 5 अंश उघडा. बॉलला वळवतो तो हा 5 अंशांचा फरक.

हे थोडं नीट सांगतो, कारण चुकीची माहिती यातच जास्त फिरते. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो: ड्रायव्हरला साधारण 85 टक्के, आयर्नला 75 च्या आसपास, उरलेलं पाथ. निघाल्यावर तो किती वळणार हे फेस आणि पाथ यांच्यातलं अंतर ठरवतं. जुनी पुस्तकं आणि जुने प्रशिक्षक बरोबर उलटं शिकवायचे: बॉल पाथच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने जाऊन पडतो. 2003 मध्ये डेन्मार्कात सुरू झालेल्या ट्रॅकमॅनसारखी रडार यंत्रं आली आणि आकड्यांनी ते खोडून काढलं. तरी अजून मैदानामैदानांवर जुनंच चालतं.

यातूनच डावीकडे नेम धरण्याचा सल्ला का बुडवतो ते कळतं. पाय डावीकडे वळवले की खांदे वळतात, खांदे वळले की पाथ आणखी डावीकडे जातो. मनगटं मात्र फेसला आहे तिथेच आणून ठेवतात, कारण निशाण मध्येच आहे हे त्यांना ठाऊक असतं. दोघांतलं अंतर वाढलं. म्हणजे स्लाइससाठी जागा करायला गेलात आणि स्लाइसच मोठा केलात.

आणि माझा हॉटेलातला महिना का फुकट गेला, तेही. त्यांनी पाथ सरळ केला, फेसला हात लावला नाही. पाथ शून्यावर आला, पण पाथच्या मानाने 5 अंश उघडा असलेला फेस तसाच. मग बॉल थेट उजवीकडेच जाणार. चार वेळा उजवीकडे गेला की शरीर आपोआप डावीकडे ओढायला लागतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाहेरून आत येणारा हा स्विंग बहुतेक वेळा मूळ रोग नसतोच. उघड्या फेसला घाबरून शरीराने काढलेली ती पळवाट असते. म्हणून आधी फेस, मग पाथ. बारा हजारांत मी हा क्रम विकत घेतला असं म्हणायला हरकत नाही, आणि माझ्या मते तो तेवढ्याचा आहे.

फेससाठी त्यांनी फक्त डावा हात बदलला. क्लब तळव्यातून काढून बोटांच्या मुळाशी आणला आणि हात किंचित उजवीकडे फिरवला, इतका की वरून बघताना डाव्या हाताची एक गाठ दिसायची तिथे अडीच-तीन दिसायला लागल्या. अंगठा आणि तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे. उजवा हात त्यावर बसवला. बस्स. हात दुसऱ्याच कुणाचे आहेत असं वाटतं, आणि पहिले बॉल इतके घाणेरडे गेले की शेजारच्या मॅटवरच्या मुलीने सहानुभूतीने बघितलं. मग एक बॉल डावीकडून निघून आणखी डावीकडे वळला. आयुष्यात माझ्या ड्रायव्हरने हुक मारलेला मी पाहिला नव्हता. सर खूश. "आता पाथ बघूया. आता तुमचं शरीर ऐकतंय."

पाथचे व्यायाम इथे सगळे लिहीत बसत नाही. लोकांना माहीत आहेत तेच आहेत: पाय जुळवून अर्धा स्विंग, बॉलच्या पलीकडे रिकामं खोकं ठेवून त्याला न लागता मारणं. एक मात्र वेगळं होतं. टीवरचा बॉल मी डाव्या पायाच्याही पुढे ठेवत होतो, उंच जावा म्हणून. बॉल तितका पुढे असला की तिथे पोहोचायला खांदे आधीच डावीकडे उघडतात आणि पाथही त्यांच्यामागे जातो. सरांनी बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला आणला, आणि काहीही न शिकवता पाथचे दोन अंश कमी झाले. इतक्या स्वस्तात मिळणारी सुधारणा मी इंजिनरूममध्येसुद्धा क्वचितच पाहिली.

धूळ हा या जागेचा शाप, पण सरांनी तिलाही कामाला लावलंय. खाणीतला प्रत्येक बॉल तांबडा झालेला असतो. मारला की ड्रायव्हरच्या काळ्या फेसवर त्याचा तांबूस ठसा उमटतो, खळगीखळगीचा, रुपयाएवढा. इतर ठिकाणी यासाठी पायाच्या पावडरचा फवारा मारतात. दहा बॉल मारल्यावर सरांनी माझा क्लब पुढे धरला. ठसे सगळे आतल्या बाजूला, दांड्याजवळ, एकावर एक. मधोमध एकही नाही. ड्रायव्हरचा फेस थोडा फुगीर असतो. दांड्याजवळ बॉल लागला की क्लबचं डोकं तिकडच्या बाजूने मागे ढकललं जातं, आणि दातेरी चाकं एकमेकांना उलटी फिरवतात तसा बॉलला उलटा फिरा मिळतो. दांड्याजवळ लागला तर तो फिरा स्लाइसचाच. म्हणजे पाथ आणि फेस दोन्ही सुधारूनही फटका दांड्याजवळ बसत राहिला, तर बॉल उजवीकडे वळतच राहणार. यासाठी उभं राहण्याचं अंतर अर्ध्या वितीने बदललं. ठसे मधे यायला वेळ लागला, अजूनही दमलो की आत सरकतात.

सात नंबरचं आयर्न सरळ जायचं आणि ड्रायव्हर नाही, याचंही उत्तर इथेच मिळालं. बॉलला दोन वेगळे फिरे नसतात, फिरा एकच असतो, मागच्या दिशेचा, आणि त्याचा आस एका बाजूला कलतो. क्लबचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला कोन, जास्त असेल तर तेवढ्याच चुकीला आस कमी कलतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट सगळ्यांत कमी, म्हणून तो तुमचं सगळं उघडं पाडतो. माझ्या ड्रायव्हरच्या मानेशी लॉफ्ट बदलायचा स्क्रू आहे. चार वर्षं तो मी फिरवला नव्हता. सरांनी लॉफ्ट एका खुणेने वाढवला. त्यामुळे फेसही किंचित बंद होतो. नवीन ड्रायव्हर घ्या असं एकदाही म्हणाले नाहीत, हे मुद्दाम लिहितो, कारण डोक्याचं वजन दांड्याकडे सरकवलेले खास स्लाइसवाल्यांचे ड्रायव्हर बाजारात भरपूर आहेत आणि दुकानदार तेच पुढे करतात. त्याने थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण मोजा तसाच झिजत राहिला तर त्या क्लबनेही झाडीच दिसेल.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

सकाळी नऊनंतर तिथे उभं राहता येत नाही. तिन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या भिंती तापतात, वारा येत नाही, आणि डोक्यावर साधं माडाच्या झावळ्यांचं छप्परसुद्धा नाही. सहा आणि सातचे तास आधीच भरलेले असतात, नव्या माणसाला आठचा मिळतो. पाणी आपलं आपण न्यायचं. मुतारी नाही. बायका येतात तिथे, त्यांनी काय करायचं? सरांना हे मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा "होय की" म्हणाले.

मॅट खोटं बोलतात. बॉलच्या आधी जमिनीला लागलेला क्लबसुद्धा रबरावरून घसरून बॉलपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा वाटतो. ड्रायव्हर टीवरून मारायचा असल्यामुळे या पॅकेजला ते चालून जातं, पण आयर्न घेऊन जाणाऱ्याने फसू नये. बॉल जुने आहेत, काहींची साल गेलेली. ते नव्या बॉलइतके लांब जात नाहीत, त्यामुळे त्या डबीवरचा अंतराचा आकडा सोडून द्यावा, फक्त दिशेचे बघावे. आणि भिंत सव्वाशे मीटरवर असल्यामुळे वळण शेवटपर्यंत डोळ्यांना दिसत नाही. स्लाइस सगळ्यांत जास्त वळतो तो वेग कमी झाल्यावर, शेवटच्या टप्प्यात. ते तुम्हाला फोनवरच मानून घ्यावं लागतं.

धड्याचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर देतो म्हणतात. येतात, पण दोन-तीन दिवसांनी, आणि आवाज नसतो. एक धडा चुकला की बुडाला, पैसे परत नाहीत. पाऊस आला तर मात्र बदलून देतात.

खरी परीक्षा मैदानात. मी आणि माझे नेहमीचे तिघे काणकोणला गेलो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला होता, आणि समोरून वारा असला की बॉलचं वळण वाढतं, कारण हवेच्या मानाने बॉल जास्त वेगाने जात असतो. पहिल्या टीवर बॉल सरळ निघून शेवटी थोडा उजवीकडे झुकला आणि फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, राहिला. गोल्फवाले याला फेड म्हणतात आणि अभिमानाने सांगतात. दुसरा डावीकडे ओढला गेला. तो मित्र, तकलीवाला, म्हणाला, "आतां दावे वटेन वता मरे!" सहाव्या-सातव्या होलपर्यंत हात शिकवल्याप्रमाणे चालले. मग अंग दमलं, क्लब हळूच तळव्यात परत सरकला, आणि एक बॉल जुन्या वाटेने झाडीत गेला. पण आता कारण माहीत होतं. मोजा घट्ट केला, गाठी मोजल्या, पुढचा ठीक गेला.

कुणी जावं? ज्याचा ड्रायव्हर उजवीकडे वळतो, आणि ज्याला दोन-तीन आठवडे वाईट मारायची तयारी आहे त्याने. पकड बदलली की आधी सगळं बिघडतं, आणि स्पर्धा तोंडावर असेल तर या फंदात पडूच नये. ज्यांना मस्त जागा, कॉफी, वातानुकूलित खोलीतला पडदा हवा त्यांनी जाऊ नये, चिडून परत याल. अगदी नवशिक्यांनीही नाही. ज्याला अजून बॉल लागतच नाही, त्याला स्लाइस ही पुढची चैन आहे. कंबर दुखणाऱ्यांनी मॅटवर सावध राहावं, खाली चिराच आहे.

जून लागला की खाणीत पाणी भरतं आणि वर्ग बंद. पाऊस सरला की पंप लावून उपसतात, तळ वाळायला आणखी आठवडाभर जातो. त्यानंतरचे सकाळचे तास जुने विद्यार्थी आधीच अडवून ठेवतात. सरांना फोन करू नका, ते मॅटवर असताना उचलत नाहीत. मेसेज टाका, त्यात ड्रायव्हर कुठला आणि बॉल आधी कुठे निघतो, मग कुठे वळतो, एवढं लिहा. आणि जुना हातमोजा फेकू नका, बरोबर न्या.